नदी हवी, रान नको?

म्हादईचा विषय निघाला की गोव्यात पक्षभेद उरत नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. विधानसभेत सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात बोलतात, ग्रामसभा ठराव करतात, विद्यार्थी फलक घेऊन रस्त्यावर येतात आणि म्हादई ही आमची जननी आहे, तिच्या पाण्याचा एक थेंबही वळवू देणार नाही, अशी घोषणा सर्वांच्या मुखी असते. या भावनेत आम्हीही सहभागी आहोत. परंतु ज्या मुखांतून ही घोषणा निघते, त्यांतल्याच काही मुखांतून गेली कित्येक वर्षे आणखी एक वाक्य ऐकू येत आहे. सत्तरीवर लादलेले अभयारण्य नको आणि व्याघ्र प्रकल्प तर मुळीच नको, हे ते वाक्य होय. ही दोन वाक्ये एका श्वासात बोलता येतात. ती एकत्र नांदू शकतात काय, याचा विचार मात्र कोणी करताना दिसत नाही. आमच्या मते ती नांदू शकत नाहीत. नदी हवी आणि रान नको, ही भूमिका तर्काला धरून नाही, कायद्याला धरून नाही आणि गोव्याच्या हिताचीही नाही.

प्रथम कायद्याचीच गोष्ट घेऊ. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले आणि त्यांपैकी ३.९ टीएमसी पाणी कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळविण्याची मुभा मिळाली. गोव्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी देण्यात आले. या निवाड्याविरुद्ध संबंधित राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली आणि गोव्यात एकच हलकल्लोळ उडाला. त्या वेळी गोवा सरकारने हाती घेतलेले शस्त्र कोणते होते? जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला नोटीस बजावली ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या २९ व्या कलमाखाली. अभयारण्यात येणारा किंवा अभयारण्यातून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवता, अडवता वा वाढवता येणार नाही, आणि तशी परवानगी द्यावयाची झाल्यास ती वन्यजीवांच्याच हितासाठी आवश्यक असल्याची राज्य सरकारची खात्री पटली पाहिजे, असे हे कलम सांगते.

वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. कर्नाटकाला अडविण्यासाठी गोव्याच्या हाती जी मोजकी कायदेशीर साधने आहेत, त्यांत हे कलम अग्रभागी आहे, आणि ते आपल्याला वापरता येते याचे कारण इतकेच की, म्हादईच्या काठी म्हादई अभयारण्य आहे. उद्या हे अभयारण्य रद्द झाले किंवा त्याच्या सीमा आक्रसून ते नावापुरते उरले, तर २९ व्या कलमाला टेकू द्यायला जमीनच राहणार नाही. दिल्लीत वकिलाने न्यायाधीशांसमोर अभयारण्याचा दाखला द्यावयाचा आणि वाळपईत पुढाऱ्याने सभेत त्याच अभयारण्याला शिव्या द्यावयाच्या, हा प्रकार प्रतिपक्षाच्या नजरेतून सुटत असेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

हे अभयारण्य आले कसे, हेही थोडे आठवावे लागेल. मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकातच गोव्यात राने राखण्यास प्रारंभ झाला होता. मोलेचे अभयारण्य १९६७ साली जाहीर झाले. पुढे त्याला भगवान महावीरांचे नाव मिळाले आणि १९७८ साली त्याच्या १०७ चौरस किलोमीटर भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. काणकोणातील खोतीगाव १९६८ साली आणि बोंडला १९६९ साली राखीव झाले. चोडण बेटावरील खारफुटीचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ मधले. परंतु उत्तरेत सत्तरीचा आणि दक्षिणेत नेत्रावळीचा असे सह्याद्रीचे दोन मोठे पट्टे उघडेच होते. १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवट असताना राज्यपाल जनरल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये जाहीर केली. पहिले सुमारे २०८ चौरस किलोमीटरांचे, दुसरे सुमारे २११ चौरस किलोमीटरांचे. त्यामुळे खोतीगावपासून चोर्ल्याच्या घाटापर्यंत गोव्याच्या पूर्व सीमेवर राखीव रानाची एक सलग पट्टी तयार झाली. ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या या लहानशा राज्यात आज सुमारे ७५५ चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे पाचवा हिस्सा, संरक्षित आहे.

लोकनियुक्त सरकार नसताना हा निर्णय झाला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. लोकांशी बोलून, त्यांना समजावून, त्यांचे हक्क आधी मोजून हा निर्णय झाला असता, तर पुढची कटुता टळली असती. परंतु हेही तितकेच खरे की, त्यानंतर पाव शतक लोकनियुक्त सरकारे होती, आणि जे राज्यपालांनी घाईत केले ते निस्तरण्याचे काम त्यांपैकी एकानेही पूर्ण केले नाही. त्याकडे आम्ही पुढे वळू.

आता पाण्याचे पाहू. गोव्यात पाऊस मुबलक पडतो, मग पाण्यासाठी रानाची काय गरज, असे विचारणारे शहाणे आपल्याकडे आहेत. पाऊस पडतो तो चार महिने आणि तहान लागते ती बारा महिने, हे ते विसरतात. सह्याद्रीच्या उतारावर कोसळणारे पाणी उघड्या डोंगरावरून काही तासांत नदीत आणि नदीतून समुद्रात जाते. जाताना माती घेऊन जाते आणि काठावरची घरे पाडते. २०२१ च्या जुलैत सत्तरीत दरडी कोसळल्या, म्हादईला पूर आला आणि कित्येक संसार उघड्यावर पडले, ते आपण पाहिले आहे. तेच पाणी दाट रानावर पडले की पानांवर, पाचोळ्यावर, मुळांच्या जाळ्यात अडते, जमिनीत मुरते आणि पुढे आठ महिने झरीझरीतून हळूहळू पाझरत राहते. मार्च-एप्रिलात म्हादईच्या पात्रात जे पाणी दिसते ते आकाशातून आलेले नसते, ते रानाने जून-जुलैत साठवून ठेवलेले असते. सरकारने एक रुपयाही खर्च न करता उभे राहिलेले आणि गाळाने न भरणारे असे हे धरण आहे.

पणजी आणि फोंड्याच्या नळांना पाणी येते ते ओपाच्या प्रकल्पातून. ओपा आहे खांडेपार नदीवर, आणि खांडेपारला पाणी मिळते ते दूधसागर आणि मोलेच्या रानातून. मडगाव, वास्को आणि दक्षिणेतील बहुतेक गावे साळावली धरणावर जगतात, आणि साळावलीच्या जलाशयाच्या माथ्यावर नेत्रावळीचे रान उभे आहे. सत्तरी आणि डिचोलीच्या शेतीला आधार देणाऱ्या अंजुण्याच्या धरणामागे चोर्ल्याचे डोंगर आहेत. म्हणजे किनाऱ्यावरच्या ज्या गृहिणीने आयुष्यात कधी अभयारण्य पाहिले नाही, तिच्याही घागरीत सकाळी अभयारण्यच येऊन पडते. संरक्षित क्षेत्रे ही पर्यटकांच्या हौसेसाठी वा प्राणिप्रेमिकांच्या समाधानासाठी राखून ठेवलेली चैन आहे, हा समज म्हणूनच अत्यंत घातक आहे.

याला आणखी एक बाजू आहे, ती खाऱ्या पाण्याची. म्हादई पुढे मांडवी होते आणि समुद्राची भरती मांडवीतून थेट गांजेपर्यंत आत चढते. पावसाळा सरल्यावर वरून येणारे गोडे पाणी जितके क्षीण, तितका खारेपणा वर सरकतो. आपल्या पूर्वजांनी बांध घालून, मानशी बसवून, खाऱ्या-गोड्या पाण्याचा तोल साधून जी खाजने उभी केली, त्यांची सारी व्यवस्था या तोलावर उभी आहे. तिसवाडीतला शेतकरी, दिवाडी-चोडणचा कोळी आणि सत्तरीत नदीच्या पात्रातच बांध घालून पुरण शेती करणारा कष्टकरी हे एकाच पाण्याचे भागीदार आहेत. वरचे रान विरळ झाले तर कर्नाटकाने थेंबही न वळवता ही भागीदारी मोडेल, आणि त्या वेळी दोष द्यायला शेजारचे राज्यही सापडणार नाही.

येथवर वाचून सत्तरीतला एखादा वाचक विचारील, की रानाचे गुणगान पुरे झाले, आमचे काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे. किंबहुना या साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. सत्तरीच्या रानाने राण्यांच्या बंडांना आश्रय दिला. दिपाजी राण्यांनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला तेव्हापासून पोर्तुगीज सत्तेने या प्रदेशाकडे संशयानेच पाहिले. मोकासे आणि आल्वारा यांच्या गुंत्यात कसणाऱ्याच्या नावावर जमीन कधी आलीच नाही. मुक्तीनंतर ती येईल अशी आशा होती. गोवा मुक्त झाला, घटकराज्य झाला, पण सत्तरीतले अनेक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे कुळागर राखीत आले ते कागदोपत्री सरकारी रान राहिले. अशा माणसाच्या दारात १९९९ मध्ये अभयारण्याची पाटी लागली. काजू वेचणे, गुरे चारणे, घराची डागडुजी करणे, वाटेवर दोन फाड्या टाकणे, या साऱ्याला परवानगी लागू लागली. आपल्याच घरात आपण उपरे झालो, असे त्याला वाटले तर त्यात त्याचा काय दोष?

कायद्याने याची तरतूद केलेली नव्हती असे नाही. अभयारण्य जाहीर करताना जिल्हाधिकाऱ्याने लोकांचे दावे मागवावे, चौकशी करावी, हक्क मान्य करावे किंवा त्यांची भरपाई द्यावी, असा दंडक त्यात आहे. २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे काम शक्यतो दोन वर्षांत संपवावे असेही सांगितले. वनहक्क कायदा २००६ साली झाला. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळालेला असल्याने त्यांना या कायद्याचा थेट लाभ मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात काय झाले? हजारो दावे दाखल झाले आणि बहुसंख्य वर्षानुवर्षे कचेऱ्यांत पडून राहिले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला हे दावे बारा महिन्यांत निकालात काढा, असे सरकारला सांगावे लागले, यावरूनच काय ते समजावे. ज्या कामाला कायदा दोन वर्षे देतो, ते काम चोवीस वर्षांनंतर न्यायालयाला आठवून द्यावे लागते, ही कोणत्याही शासनाला भूषणावह गोष्ट नव्हे.

या दिरंगाईचे फळ कसे विषारी असते, ते गोळावलीला दिसले. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या या गावाजवळ, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले आढळले. विषप्रयोगाने ते दगावल्याचे निष्पन्न झाले. ज्यांची गुरे वाघिणीने मारली होती, त्यांच्यावरच आरोप ठेवण्यात आला. त्यापूर्वी २००९ मध्ये केरीच्या रानात एका वाघाची शिकार झाली होती. २०२२ च्या व्याघ्रगणनेत साऱ्या गोव्याच्या वाट्याला पाच वाघ आले, हे पाहिले म्हणजे चार वाघ एकदम मरणे याचा अर्थ कळतो. या क्रौर्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु दूध-शेणावर ज्याचा संसार चालतो, त्याची म्हैस मेल्यावर तिची किंमत त्याच्या हाती केव्हा पडते, हा प्रश्न पणजीतल्या निषेध सभांत कोणी विचारला नाही, याचीही नोंद झाली पाहिजे. वाघ वाचवावयाचा तर त्याचा खर्च साऱ्या समाजाने उचलावा. तो एकट्या गोळावलीच्या गोठ्याने उचलावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

गोळावलीनंतर व्याघ्र प्रकल्पाची मागणी पुन्हा पुढे आली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने तशी शिफारस केलेलीच होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले आणि न्यायालयाने २४ जुलै २०२३ रोजी म्हादई आणि लगतची राखीव क्षेत्रे मिळून तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये त्या न्यायालयाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीला यात लक्ष घालावयास सांगितले. न्यायालयीन वाद आपल्या मार्गाने जाईल. आमचा आक्षेप आहे तो या काळात गावोगाव पसरविण्यात आलेल्या भीतीला. व्याघ्र प्रकल्प झाला की हजारो लोकांना उचलून बाहेर काढतील, घरे पाडतील, देवळे बंद होतील, असे सांगितले गेले. कायदा काय सांगतो? वन्यजीव कायद्याच्या ३८-व्ही या कलमानुसार लोकांचे हक्क निश्चित केल्याखेरीज, ग्रामसभेच्या आणि संबंधितांच्या संमतीखेरीज कोणाचेही स्थलांतर करता येत नाही. गाभ्याचे क्षेत्र वेगळे आणि भोवतीचे क्षेत्र वेगळे असते, आणि या दुसऱ्या क्षेत्रात माणूस आणि वन्यजीव यांचे सहजीवन हाच कायद्याचा घोषित हेतू आहे. हे लोकप्रतिनिधींना ठाऊक नाही असे समजणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. ठाऊक असूनही ते सांगत नसतील, तर का सांगत नाहीत, हे विचारण्याचा अधिकार मतदारांना आहे.

अर्थात कायद्यात लिहिले आहे म्हणून लोकांनी विश्वास ठेवावा, असे आम्ही म्हणणार नाही. देशातील अनेक राखीव रानांतून आदिवासींना संमतीच्या नावाखाली हुसकले गेल्याचा इतिहास आहे आणि सत्तरीच्या माणसाचा सरकारी कागदावरचा विश्वास उडाला असेल तर त्याची कारणे आम्ही वर दिलीच आहेत. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, भीती दूर करण्याचा एकमेव मार्ग म्हणजे हक्कांचा निवाडा आधी करणे. ज्याच्या हाती आपल्या जमिनीचा कागद आहे, तो अभयारण्याला भीत नाही. सरकार एका हाताने दावे दडपून ठेवणार आणि दुसऱ्या हाताने लोकांच्या असंतोषाचा दाखला देऊन अभयारण्याचे क्षेत्र घटवावयास निघणार, तर त्या असंतोषाचा कर्ता कोण, हे शोधायला दूर जावे लागणार नाही.

क्षेत्र घटले तर त्याचा लाभ कोणाला होईल, हाही विचार व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात गोव्यातील राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला मनाई केली. सीमा आत सरकली की ही मनाईही आत सरकते. घाटमाथ्यालगतच्या जमिनींवर बाहेरच्या धनिकांचा डोळा कसा आहे, डोंगर कापून वसाहती उभारण्याचे बेत कसे चालतात, हे गोव्यात आता कोणाला सांगावे लागत नाही. सत्तरीच्या शेतकऱ्याच्या नावाने रडणारे सारेच त्याचे सोयरे नव्हेत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो, तसे शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याचा दांडा करून रानावर घाव घालणारे हात वेगळेच असू शकतात.

विकासाला आमचा विरोध आहे काय, असे कोणी विचारील. मोलेच्या वेळी हाच प्रश्न विचारला गेला. वीजवाहिनी, रेल्वेचा दुसरा मार्ग आणि महामार्गाचे रुंदीकरण असे तीन प्रकल्प मोलेच्या रानातून एकदम न्यावयाचे ठरले तेव्हा २०२० मध्ये गोव्यातली तरुण मंडळी उठली. त्यांना विकासविरोधी ठरविण्यात आले. पण २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली, आणि वीजवाहिनीसाठी नवे रान तोडण्याऐवजी जुन्या वाहिनीचा मार्ग वापरण्याचा पर्याय पुढे आला. वीज नको असे कोणी म्हटले नव्हते. पाचवा हिस्सा रान शाबूत ठेवून उरलेल्या चार हिश्श्यांत काय ते करा, आणि रानातून जाणे अटळच असेल तर आधीच फाटलेल्या वाटेने जा, इतकेच मागणे होते. शाश्वत विकास हा शब्द हल्ली प्रत्येक मंत्र्याच्या भाषणात असतो. आपल्या आजोबांना तो शब्द ठाऊक नव्हता, पण मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवावे, हे त्यांना ठाऊक होते. रान हे मुद्दल आहे. झरीचे पाणी, काजू-कोकम, मध, नदीतले मासे, खाजनातले भात, हे सारे त्याचे व्याज होय.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात गावोगाव देवाच्या राया आहेत. नानोड्याच्या बांबर येथील निरंकाराच्या राईत दुर्मिळ रानजायफळांची दलदल आजवर टिकली ती वनखात्यामुळे नव्हे, देवाच्या धाकामुळे. वेळीप आणि गावडे मंडळी वाघ्रो म्हणून वाघाला पूजतात. चतुर्थीला आपल्या प्रत्येकाच्या घरी गणपतीवर माटोळी बांधली जाते. तिच्यातली कवंडाळे, कांगले, माट्टीची फळे ही कोणाच्या बागेत पिकत नाहीत, ती रानातून येतात आणि सत्तरी-सांग्याच्या बायाबापड्या ती बाजारात घेऊन बसतात. माटोळी बांधणारा समाज रानाला उपद्रव समजू लागला, तर त्या विधीतला अर्थच गेला. मात्र परंपरेच्या आडोशाला लपून चालणार नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईचे रान दिवसच्या दिवस जळत होते आणि ती आग विझवायला नौदल आणि हवाईदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली, तेव्हा देवाचा धाक संपल्याचेही आपण पाहिले. जेथे गावाचा माणूस रानाला आपले मानतो, तेथे ठिणगी पडताच तो धावतो. जेथे त्याला परके केले गेले, तेथे तो दुरून धूर बघतो. हेलिकॉप्टरने ही उणीव भरून निघत नाही.

यास्तव सरकारकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. म्हादई आणि नेत्रावळी या दोन्ही अभयारण्यांतील हक्कनिश्चितीचे आणि वनहक्कांचे सर्व दावे निकालात काढण्यासाठी एक तारीख जाहीर करावी आणि त्यासाठी केवळ याच कामाचा अधिकारी नेमावा. वन्य प्राण्याने गुरू मारले वा बागायत उद्ध्वस्त केली, तर भरपाई त्याच महिन्यात शेतकऱ्याच्या हाती पडावी. त्याने तालुक्याला चपला झिजवू नयेत. रानाचे रखवालदार, वाटाडे, आगीवर नजर ठेवणारे हे सारे त्याच गावांतील तरुणांतून घ्यावेत. पणजी, मडगाव आणि वास्कोचे नळ ज्या रानांच्या पाण्यावर वाहतात, त्या रानांत राहणाऱ्या गावांना पाणीपट्टीतला लहानसा हिस्सा शाळेसाठी, दवाखान्यासाठी, रस्त्यासाठी द्यावा. हे दान नव्हे, ही त्यांनी राखलेल्या पाण्याची किंमत होय. आणि या सर्वांबरोबर अभयारण्याचे क्षेत्र तसूभरही घटविले जाणार नाही, असे वचन द्यावे.

शहरवासी वाचकांसही दोन शब्द सांगणे आम्हांला प्राप्त आहे. वाघ वाचवा म्हणून सभा घेणे सोपे आहे. दरमहा पाण्याच्या देयकात सत्तरीसाठी चार रुपये अधिक भरा म्हटले तर आपल्यापैकी किती जण हात वर करतील? रानाचा लाभ किनाऱ्याला आणि रानाची झळ डोंगराला, अशी वाटणी यापुढे चालणार नाही. ती चालू ठेवली, तर डोंगरावरचा माणूस एक दिवस रान विकणाऱ्याच्या बाजूने उभा राहील, आणि त्या दिवशी त्याला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नसेल.

कर्नाटकाशी चाललेल्या लढ्याचेही भवितव्य यातच आहे. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात होतो. तेथेही कर्नाटकाने २०११ मध्ये अभयारण्य जाहीर केले आहे आणि तेथल्या मराठी बोलणाऱ्या गावांची गाऱ्हाणी आमच्या सत्तरीकरांच्या गाऱ्हाण्यांहून निराळी नाहीत. घाटाच्या दोन्ही अंगांचे रान एकच, नदी एकच आणि त्या रानात राहणाऱ्या माणसाचे दुःखही एकच. आपण आपले रान नीट राखले, आपल्या माणसाला न्याय दिला, तर भीमगडचे रान राखा आणि त्यातले पाणी वळवू नका, असे कर्नाटकाला सांगताना आपल्या शब्दाला वजन येईल. आपणच आपल्या अभयारण्याची लक्तरे करून न्यायालयात उभे राहिलो, तर प्रतिपक्षाच्या वकिलाला फारसे श्रम पडणार नाहीत.

विधानसभेच्या पुढील अधिवेशनात म्हादईवर पुन्हा चर्चा होईल, पुन्हा ठराव येईल आणि तो एकमताने संमतही होईल. त्या ठरावाच्या शेवटी आमदारांनी एक ओळ जोडावी, अशी आमची सूचना आहे. सत्तरी आणि सांग्यातील शेवटचा दावा कोणत्या तारखेपर्यंत निकालात निघेल, ती तारीख त्या ओळीत असावी. मागील सर्व ठरावांत जननी, अस्मिता आणि प्राणपण हे शब्द आले आहेत. तारीख अद्याप एकातही आलेली नाही.